गावच्या वाचनालयात केहिमकर : एका संध्याकाळची तयारी

हायम सॅम्युएल केहिमकर यांच्यावर गावात कार्यक्रम घेऊ, असं कार्यकारिणीच्या बैठकीत म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "हे कोन बाप्पा?" दुसरा येतो, "आपल्या गावाशी त्याइचा काय संबंध?" दोन्ही रास्त आहेत. उत्तरं तयार ठेवूनच बैठकीला जा. नाहीतर विषय "पुढच्या वर्षी पाहू"वर जातो आणि त्या तारखेला पुन्हा एकदा स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन लागतं.

पहिल्याचं उत्तर थोडक्यात द्यायचं. केहिमकर अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आडनाव किहीम गावावरून आलेलं. 1853 साली त्यांनी भावांना सोबत घेऊन समाजाच्या शिक्षणासाठी संस्था काढली. 1875 मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. 1909 मध्ये ते वारले आणि पुस्तक छापून आलं 1937 मध्ये, तेही तेल अवीवला.

दुसऱ्या प्रश्नाला मी असं म्हणते : शेजारी ज्यांना तेली समजत, मिशनरी ज्यांना ख्रिस्ती करू पाहत आणि बगदादहून आलेले धर्मबंधू ज्यांना पुरते ज्यू मानत नसत, अशा मूठभर लोकांची बाजू या माणसाने शाळा काढून आणि वहीत लिहून मांडली. आपल्या गावातही अशी मूठभर घरं आहेत की नाहीत, ते तुम्हीच सांगा. यावर बैठकीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. तेवढ्यात ठराव लिहून घ्यायचा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ड वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी : एक खोली, चार कपाटं, भाड्याचा माईक आणि उशिरा येणारं अनुदान, एवढ्यावर ज्यांचं चालतं त्यांच्यासाठी.

दिवस आणि वेळ

तूर निघाली आणि हरभरा सोंगायला अजून अवकाश आहे, तो जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीची सुरुवात सगळ्यात बरी. कापसाच्या वेचणीत बाया मिळत नाहीत, आणि बाया नसतील तर या कार्यक्रमाचा अर्धा जीव जातो. का, ते पुढे येईलच. आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते. ती संपली की लगेच सुरू करायचं. माणसं बसलेलीच असतात, सतरंजी अंथरलेली असते. साडेआठपर्यंत आटोपायचं, कारण हरभऱ्याच्या जागलीला जाणारे उठू लागतात. रानडुक्कर कुणाच्या व्याख्यानासाठी थांबत नाही.

मुंबई, ठाणे, पुणे किंवा अलिबागहून बेने इस्राएल पाहुणा बोलावणार असाल तर शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार सोडा. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांचा शब्बाथ. धर्म कसोशीने पाळणारा माणूस त्या काळात प्रवास करत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही बोलावू नका, त्यांचे मोठे सण तेव्हाच येतात. पत्र त्या त्या गावच्या सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या, विश्वस्तांच्या नावे धाडा. पाहुण्यांशी बोलताना एक ध्यानात ठेवा : त्यांच्यातले जुने लोक सिनेगॉगला सरळ "मशीद" म्हणतात. सूत्रसंचालकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो मंचावरून पाहुण्यांनाच दुरुस्त करायला जाईल.

पाहुणा मिळाला नाही तरी कार्यक्रम थांबवू नका. तुम्ही स्वतः उभं राहून चाळीस मिनिटं वाचून दाखवलं तरी चालतं. भाडोत्री वक्ता मात्र आणू नका. त्याला केहिमकर माहीत नसतात, तो गावाला जगाचा इतिहास सांगून मानधनाचं पाकीट घेऊन जातो.

आधी वाचायचं काय

केहिमकरांचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि जाडजूड आहे. सगळं वाचायची गरज नाही. सण, चालीरीती आणि शाळेची हकीगत, एवढे भाग पुरतात. हायस्कूलमधल्या इंग्रजीच्या सरांना गाठा. "पुस्तक भाषांतरित करून द्या" म्हटलं तर ते परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा दाखवतील. "सर, ही दोनच पानं" म्हटलं तर करून देतात. त्याच्या जोडीला 1883 चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर आणि 1885 चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर पाहा. दोन्हींत बेने इस्राएलांवर मजकूर आहे. पुण्याच्या गॅझेटियरमध्ये तर घर, जेवण, कपडे, बारसं, लग्न असं सगळं बारकाईने दिलं आहे. एक सावधगिरी बाळगा : गॅझेटियर साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे. अमुक लोक स्वच्छ, तमुक लोक काटकसरी, असे शेरे त्यात सर्रास येतात. ते वाचून दाखवू नका. केहिमकर वेगळे पडतात ते इथेच, कारण त्यांनी घरातल्या माणसाने लिहावं तसं लिहिलं.

वाचलेलं फुलस्केपवर मोठ्या अक्षरात उतरवून काढा. मोबाईलमध्ये ठेवून वाचाल तर मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि केहिमकर तिथेच राहतात.

सुरुवात घाणीपासून

व्याख्यानाची सुरुवात "ज्यू धर्माची स्थापना" इथून केलीत तर पाच मिनिटांत मागच्या रांगेतली पोरं बाहेर. सुरुवात तेलाच्या घाणीपासून करा. कोकणच्या खेड्यांत बेने इस्राएल तेल गाळत आणि शनिवारी त्यांची घाणी बंद असे. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. सोमवारी घाणी बंद ठेवणारे सोमवार तेली आणि शुक्रवारी बंद ठेवणारे शुक्रवार तेलीही होते. म्हणजे गावाला त्यांचा धर्म कळला नव्हता, त्यांची सुट्टी मात्र बरोबर कळली होती.

विदर्भात घाणी ठाऊक नाही असं गाव नाही. आमच्या गावात बैलघाणी चाललेली पाहिलेले एक आजोबा आहेत. त्यांना पहिली पाच मिनिटं दिली. माईक हातात घ्यायला ते तयार नव्हते, म्हणून मीच त्यांच्या तोंडापुढे धरला. लाकडी घाणा जमिनीत केवढा गाडलेला असे, लाट कोणत्या झाडाची लागे, बैलाच्या डोळ्यांवर झापड का बांधत, जवसाचा पहिला घाणा निघाला की तेल हाताला कसं कोमट लागे, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग ढेपेवर आले. "जवसाची ढेप म्हशीले देल्ली की दुधाले साय पाहा मंग." बायांमध्ये कुजबुज सुरू झाली, की आता सरकीच्या ढेपेत काय काय मिसळतात. मी बोलू दिलं. त्यानंतर मी एवढंच विचारलं, "आजोबा, आठवड्यातून एक दिवस घाणी बंद ठेवली तर?" ते म्हणाले, "गिऱ्हाईक दुसऱ्याइकडं जाते, बाई." मग मी सभेला सांगितलं की हे लोक शेकडो वर्षं दर शनिवारी ते गिऱ्हाईक जाऊ देत आले.

इथे एक पथ्य पाळा. "ते आपल्यासारखे तेलीच होते" असं वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. तेली समाजाच्या लोकांना त्यात आपला इतिहास परक्यांना दिल्यासारखं वाटू शकतं, आणि बेने इस्राएलांनाही ती ओळख लोकांनी चिकटवलेली होती. धंदा एक, शेजार एक, एवढंच म्हणा.

घाणीनंतर जहाज फुटल्याची कथा घ्या, मुलं त्याचीच वाट पाहत असतात. चौलच्या बंदराकडे येणारं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. केहिमकरांनी हा काळ इसवी सनापूर्वी 175 च्या आसपासचा धरला. ही परंपरा आहे, शिलालेख नाही, हे स्पष्ट सांगा. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. त्यापुढे लांबण लावू नका.

सण फळ्यावर लिहा

आता बाया का हव्यात ते सांगते. केहिमकरांच्या पुस्तकातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे त्यांनी नोंदवलेली सणांची मराठी नावं. पुढे हिब्रू शिकलेली पिढी आल्यावर ही नावं मागे पडत गेली. पण आजीच्या तोंडचे सण त्यांनी लिहून ठेवले. फळा असेल तर फळ्यावर, नसेल तर कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहा :

नव्याचा सण. खिरीचा सण. दारफाळणीचा सण. शिळा सण. होळीचा सण. बिरड्याचा सण.

लिहून झालं की बाजूला व्हा आणि बायांना विचारा, कोणता सण कधी येत असेल? आमच्याकडे पहिल्या रांगेतली एक मावशी लगेच म्हणाली, "खिरीचा तं नवं धान्य आल्यावरच येत असन." बरोबर होतं. नव्याचा सण म्हणजे त्यांचं नवं वर्ष, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्याच्या मागोमाग खिरीचा. मग दारफाळणीचा, म्हणजे योम किप्पूर : कडकडीत उपास करायचा, पांढरे कपडे घालायचे, दार लावून घरात बसायचं, बाहेरच्याचा स्पर्श टाळायचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, भेटीगाठी आणि दानधर्म. होळीचा सण म्हणजे पुरीम, तो फाल्गुनात आपल्या होळीच्या आगेमागे येतो. बिरड्याचा सण यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा. त्या दिवशी वालाचं बिरडं.

बिरड्यावर थांबा. वाल आपल्याकडेही खातात, पण दुखवट्याला वालाचं कालवण म्हटल्यावर बायांमध्ये चर्चा रंगते. कुणी सुतकातलं जेवण सांगते, कुणी तेराव्याचं. ही चर्चा आवरू नका. माझ्या मते कार्यक्रमातली ही पंधरा मिनिटं बाकी सगळ्या भाषणापेक्षा मोलाची आहेत. भारतातला ज्यू आपला धर्म दोन हजार मैलांवरून आणलेल्या पुस्तकातून कमी आणि चुलीपाशी जास्त सांभाळत होता, हे त्यात आपोआप दिसतं.

भजनी मंडळ हजर असेल तर त्यांनाही कामाला लावा. 1880 च्या सुमारास बेने इस्राएलांनी बायबलमधल्या अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठीत कीर्तनं करायला सुरुवात केली. चाली आपल्याच, साकी आणि दिंडीच्या. मंडळाने पेटीवर नुसती साकीची चाल वाजवून दाखवली की माना डोलू लागतात. मात्र त्यांना आयत्या वेळी शब्द रचायला सांगू नका. उत्साहाच्या भरात अब्राहामाच्या हाती वीणा दिली जाते.

मासा आणि पोहे

खाण्याचा विषय निघतोच. तो डेव्हिड राहाबीच्या कथेतून काढा. राहाबी नावाचा ज्यू कोकणात आला, हे लोक आपलेच की काय अशी त्याला शंका आली, म्हणून त्याने बायांना वेगवेगळे मासे रांधायला दिले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. राहाबी कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्या वादात गावाला गुंतवू नका. त्याऐवजी विचारा, आपल्या तलावातला कोणता मासा चालेल? रोहू, कतला चालतील. मांगूर नाही, अंगावर खवलं नाही. झिंगे तर नाहीच. आमच्याकडचे ढिवर बांधव यात एकदम तज्ज्ञ निघाले. कोणत्या माशाला किती खवलं, यावर त्यांनी हायस्कूलच्या सरांनाही गप्प केलं.

चहापानाला पोहे ठेवा, पण तर्री नको. नारळ, साखर आणि सुकामेवा घातलेले गोड पोहे करा. बेने इस्राएल एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात, त्यात असे पोहे असतात. फक्त त्याला प्रसाद म्हणू नका आणि ताटात अगरबत्ती खोचू नका. मलिदा हा त्यांचा विधी आहे, प्रार्थना म्हणून करायचा. आपण खातो आहोत ते नुसते गोड पोहे. हे माईकवरून सांगा, म्हणजे पाहुणे असतील तर त्यांनाही बरं वाटेल. साखर बेताने घाला. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी पोह्यांचा शिरा केला होता.

जात विचारतील, उत्तर द्या

विदर्भातल्या कोणत्याही गावात हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. आमच्याकडे बौद्ध वस्तीतल्या एका तरुणाने विचारलं, "त्याइच्यात पाणी वेगळं होतं काय?" सूत्रसंचालक मला डोळ्यांनी खुणावत होता, विषय बदला म्हणून. बदलू नका.

खरं उत्तर असं आहे. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असे दोन भाग होते. गोरे स्वतःला अस्सल वंशाचे मानत. समाजाबाहेरच्या बाईपासून झालेल्या संततीला काळे म्हणत. दोघांत बेटीव्यवहार नव्हता, पंगतही वेगळी. केहिमकरांनी हा भेद आपल्या पुस्तकात नोंदवला आहे. समाजाची बाजू मांडणारा माणूस आपल्याच घरातली ही गोष्ट कशी सांगतो, हे वाचताना पाहण्यासारखं आहे. त्यांचं वाचन करताना त्यांना देव करू नका. ते गोऱ्यांमधले होते आणि ते लिखाणात जाणवतं.

आणि हाच भेद बाहेरून त्यांच्यावर उलटला. मुंबईतले बगदादी ज्यू पैसेवाले, व्यापारी. त्यांनी 1836 मध्ये दफनभूमीत आपल्यासाठी जागा वेगळी करून मागितली, मध्ये भिंत हवी म्हणून. बेने इस्राएल रंगाने सावळे, बोलायला मराठी, हिब्रू जेमतेम. हे खरे ज्यू कशावरून, असा त्यांचा सूर. केहिमकरांच्या इतिहासातला बराचसा युक्तिवाद या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे : शनिवार पाळतो, आठव्या दिवशी सुंता करतो, "शमा" ही प्रार्थना कधी विसरलो नाही, खवल्यांचा मासा खातो, मग आणखी कोणता पुरावा हवा?

हा प्रश्न पुढे इस्राएलमध्येही सुटला नव्हता. तिथे गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांवर 1960 नंतर तिथल्या धर्मपीठाने चौकशीची अट घातली. या लोकांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं. 1964 मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की ते सर्व बाबतींत ज्यू आहेत. ज्या तरुणाने प्रश्न विचारला होता त्याने यावर विचारलं, "धरण्यावर कोन बसले होते, गोरे का काळे?" मी म्हटलं, सगळेच. तिकडच्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. सभेत बरेच जण हसले, तो हसला नाही.

या भागाला वेळ द्या. बाकीचं कापावं लागलं तरी हरकत नाही, हे कापू नका.

शाळा आणि रिबेका रूबेन

मुलींसाठी हा भाग एखाद्या नववी-दहावीच्या मुलीकडूनच वाचून घ्या. केहिमकरांनी 1875 मध्ये काढलेल्या शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळत गेली. पुढे बगदादी घराण्यातल्या सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचं नाव लागलं. दफनभूमीत भिंत मागणाऱ्यांच्या समाजातून शाळेला पैसा आला, हे मुलीला नीट वाचायला सांगा. बायांना त्यातली गंमत कळते.

याच शाळेच्या मुख्याध्यापिका 1922 ते 1950 रिबेका रूबेन होत्या. 1889 चा जन्म. 1905 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला त्या पहिल्या आल्या, मुलींतच नव्हे, सगळ्यांत. त्यांनी बेने इस्राएलांचं वार्षिकही संपादित केलं. केहिमकरांनी जे सुरू केलं ते कोण चालवत होतं, असं कुणी विचारलं तर हे नाव घ्या. मी स्वतः केहिमकरांपेक्षा रूबेनबाईंवरच अधिक जीव टाकते. संस्था काढणाऱ्याचा फोटो लागतो आणि अठ्ठावीस वर्षं हजेरीपट पाहणारी रजेवर गेली तरच कुणाला आठवते.

हिटलर आणि बातम्या

ज्यू म्हटलं की दोन गोष्टी हमखास येतात. पहिली हिटलर. त्याचं आत्मचरित्र बसस्टँडवरच्या स्टॉलवर मिळतं आणि पोरं ते शिस्तीचं पुस्तक म्हणून वाचतात. "हिटलर असता तं देश सुधरला असता" असं कुणी म्हटलं की हसून सोडून देऊ नका. त्याने सुमारे साठ लाख ज्यू मारले, त्यात लहान मुलं होती, गावंच्या गावं होती. हा आकडा सांगा आणि पुढे जा. वाद घालत बसलात तर तो मुलगा आपलं म्हणणं राखायला आणखी बोलेल. नंतर त्याला एकट्याला वाचनालयात बोलवा आणि त्या काळावरचं एखादं नीट पुस्तक हातात द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे आजचं इस्राएल आणि पॅलेस्टाईन. सभेत दोन्ही बाजूंचे लोक असतात आणि दोघांच्याही मोबाईलवर व्हिडिओ असतो. अध्यक्षांनी आधीच जाहीर करावं की केहिमकर 1909 मध्ये वारले, इस्राएल हे राज्य 1948 मध्ये झालं, आजचा विषय केहिमकर. तरी कुणी अडून बसलं तर गांधीजींचा आधार घ्या, तो आपल्या जिल्ह्यांच्या अगदी जवळचा आहे. त्यांनी 26 नोव्हेंबर 1938 च्या 'हरिजन'मध्ये ज्यूंवर लेख लिहिला. ज्यूंवरच्या अन्यायाविषयी त्यांना सहानुभूती होती, पण पॅलेस्टाईन अरबांचं आहे, असंही त्यांनी त्यात स्पष्ट म्हटलं. त्यावर मार्टिन बूबर या ज्यू विचारवंताने त्यांना खरमरीत पत्र लिहिलं. आणि त्याच गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे जिवलग मित्र हरमन केलनबाख ज्यू होते, ते सेवाग्रामला येऊन राहिलेही होते. म्हणजे वर्ध्याच्या मातीत हा वाद मैत्री न मोडता होऊन गेला आहे. एवढं सांगितलं की बहुतेक वेळा आवाज खाली येतात. नाही आले तर पोहे वाढायला घ्या.

चित्रं आणि लाईट

प्रोजेक्टरवर भरवसा ठेवू नका, लाईन कधी जाईल सांगता येत नाही. चित्रं झेरॉक्सच्या दुकानातून ए-थ्री आकारात काढून दोरीला चिमट्यांनी लावा. माझ्या मते एक चित्र चुकवू नये : 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादाचं. वल्हांडण, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेचा ज्यूंचा सण, त्या रात्री घरी वाचायचं हे पुस्तक, हिब्रू आणि मराठीत. त्यातल्या चित्रात बाया लुगडी नेसून जमिनीवर बसून सणाच्या बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. ते चित्र दोरीवर लावलं की म्हाताऱ्या बाया जवळ जाऊन पोळपाट कसा धरला आहे ते पाहतात. बाकी नवगावच्या स्मारकाचा फोटो, अलिबागच्या सिनेगॉगचा फोटो आणि नकाशा. झालं.

नकाशा हातानेच काढा. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, मुंबई अशी गावं आणि त्यांवरून आलेली आडनावं : पेणकर, रोहेकर, नवगावकर. मुलांना हे फार आवडतं.

दुसऱ्या दिवशी

कार्यक्रमाचा फोटो पेपरात आला म्हणजे काम संपलं असं कार्यकारिणीला वाटतं. ग्रंथपालाचं काम तिथून सुरू होतं. केहिमकरांचं हस्तलिखित चाळीस वर्षं छापल्याविना पडून होतं. इमॅन्युएल ओल्सवँगर हे ज्यू अभ्यासक 1936 मध्ये भारतात आले, मग त्यांच्या हातून ते छापलं गेलं. चाळीस वर्षांत वाळवी लागली असती तर नव्याचा सण आणि बिरड्याचा सण आपल्याला कळलेच नसते. म्हणून दुसऱ्याच दिवशी एक जाड रजिस्टर आणा आणि गावच्या सणांची नोंद सुरू करा. सभेत बायांनी जे सांगितलं तिथूनच.

रकाने कमी ठेवा : सणाचं घरातलं नाव, कोणत्या महिन्यात, काय शिजतं, कोण करत नाही आणि का, सांगणाऱ्या बाईचं नाव आणि वय. "कोण करत नाही" हा रकाना गाळू नका, गावचं खरं त्यातच निघतं. लिहायला मुली नेमा, पण एका घरी दोघींनी जायचं. एक विचारते, दुसरी लिहिते, नाहीतर ऐकता ऐकता लिहायचं राहतं. सांगणारीची परवानगी घ्या आणि तिने "हे लिहू नको" म्हटलं तर लिहू नका. पेन साधा बॉलपेन हवा. जेल पेनची शाई पावसाळ्यात पसरते. सुटे कागद नकोत, शिवलेलं रजिस्टरच हवं, कारण सुटे कागद पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत जातात.

उधई आमच्याकडे कपाटाच्या पायातून चढते, म्हणून रजिस्टर भिंतीला टेकवून ठेवू नका. लोखंडी कपाटात मधल्या खणात ठेवा, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला. पाला दर पावसाळ्यानंतर बदला. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत कागद करकरीत होऊन तुटतो, तेव्हा एप्रिल-मे ग्रामपंचायतीच्या पक्क्या खोलीत हलवा. दर पन्नास पानं भरली की झेरॉक्स काढा आणि ती प्रत दुसऱ्या गावच्या वाचनालयात ठेवायला द्या. आमची प्रत शेजारच्या गावात आहे आणि त्यांची आमच्याकडे. पोहोच पावती घ्या, तारीख टाकून.